गार म्हणायचं नाही

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, नखाएवढा एक फिकट चौकोन आहे. टिळ्यावरून पंथ ओळखावा तसा त्या काळी सोलापुरात या चौकोनावरून आमच्या रुग्णालयातला माणूस ओळखता येई. डॉक्टरांच्या हातावर तो होता, नर्सच्या हातावर होता, आणि लिफ्ट यायच्या आधीच नेमला गेलेला जो लिफ्टमन जिन्यात स्टूल टाकून बसायचा, त्याच्या तर दोन्ही हातांवर होता. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून येत, ते टायसाठी नव्हे.

चौकोन सरांचा. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजीचे प्रमुख. विभागात आम्ही दोघेच होतो, त्यामुळे ते प्रमुख होते आणि मी उरलेला विभाग.

मी रुजू व्हायला गेलो तेव्हा ते टेबलाशी बसून कडक भाकरी मोडत होते. भाकरी मोडल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला होता. शेंगाचटणीची पुडी सूक्ष्मदर्शकाशेजारी उघडी होती. नेमणुकीचं पत्र मी पुढे केलं. ते त्यांनी चटणीच्या पुडीवर झाकण म्हणून ठेवलं आणि म्हणाले, "हात द्या री."

हा 'री' कानडी. ते अक्कलकोटकडचे होते. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही.

मी हात दिला. त्यांनी पात्याच्या धारेनं माझी कातडी हळूहळू खरवडली. रक्त येणार नाही, पण आता येईल असं वाटत राहील इतपतच. त्यावर काचेची एक पातळ चकती ठेवली, वर पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि चिकटपट्टी गुंडाळली.

"आता जेवून या. तोवर तुमचं नाव काय ते ठरवून ठेवा."

दुपारी त्यांनी ती काच सोडवली, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवली, वाळवली आणि मला स्टुलावर बसवलं. काचेवर पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. रंग दिल्यामुळे त्या जांभळ्या दिसत होत्या, एवढंच.

"आल्या की नाही? कातडी खरवडली की आतून सांगावा जातो. रक्तातून वाहत निघालेल्या पेशी कडेला येतात, शिरेच्या भिंतीला धरतात, फटीतून बाहेर पडतात आणि बोलावणं आलं त्या जागी जातात. सूज, लाली, ठणका, पू, ज्याला आपण शिव्या देतो ना, तो सगळा या मंडळींच्या येण्याचा गलबला असतो. गलबला झाला म्हणजे घरात माणसं आहेत म्हणायचं."

मग त्यांनी दुसरी काच लावली. ती जवळजवळ रिकामी होती. मला वाटलं, रंग नीट बसला नसेल.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. "माणसाचं मूत्रपिंड बंद पडलंय."

एवढंच त्यांचं संशोधन होतं आणि मी तिथे असेपर्यंत ते तेवढंच राहिलं. मूत्रपिंड निकामी झालं की रक्तात विष साठतं, हे आम्हाला पुस्तकात होतं. पण त्या विषानं पांढऱ्या पेशींचं येणंच अडतं, असं त्यांनी बोटीनं येणाऱ्या एका परदेशी मासिकात वाचलं होतं. मासिक हाती पडेपर्यंत जुनं झालेलं असे. सर ते वाचत आणि मे महिना आला की त्यानंच वारा घेत. सोलापूरचा मे असा की जंतू वाढवण्याच्या पेटीचं बटण बंद ठेवलं तरी चाले. ते काम खोलीच करी. मासिकावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण दुसऱ्यानं पाहिलेलं ते आपलं मानत नसत. म्हणून गावात कुणाचंही मूत्रपिंड बिघडलं की सर पातं आणि काच घेऊन हजर. आणि तुलनेला निरोगी हात लागत, त्यासाठी आम्ही होतो. पाठीमागे त्यांना सगळे 'काचवाले' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "टोपीवाले असतात, पेटीवाले असतात. काचवाल्यांनी काय घोडं मारलंय?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं.

विशेषणं त्यांना सोसत नसत. माझ्या अहवालातलं 'लक्षणीय' ते खोडत, 'अत्यंत' खोडत, 'समाधानकारक' तर दोनदा खोडत. कुणी सभेत 'थोर' किंवा 'ऐतिहासिक' म्हणालं की मागच्या रांगेतून "सुम्निर्री" असा आवाज येई. म्हणजे 'गप्प बसा हो'. वक्त्यांना वाटे, म्हातारा दाद देतोय.

पण सगळ्यात मोठा राग एका शब्दावर होता. तो शब्द 'गार'.

आमच्याकडे गळू बसलं, सूज ओसरली, जखम सुकली की माणसं म्हणतात, 'गार पडलं.' शब्द फार सुखाचा आहे. ज्या मुलखात आठ महिने डांबर वितळतं, तिथे 'गार' या शब्दाइतका आशीर्वाद दुसरा नाही. आजारी माणसाला भेटायला आलेला प्रत्येक जण विचारणार, "गार पडलं का?" आणि घरचे म्हणणार, "व्हय, आता गार हाय." सरांच्या खोलीत मात्र हा शब्द चालत नसे. चहासुद्धा गार झाला म्हणायचं नाही. "निवला म्हणा," ते म्हणत. एकदा कारण विचारलं, तेव्हा त्यांनी काच पुसता पुसता सांगितलं, "आमच्या वडलांच्या पाठीवरचं काळपुळीचं गळू असंच गार पडलं होतं. घरात हुग्गी केली होती त्या दिवशी." आणि पुसलेली काच त्यांनी पुन्हा पुसायला घेतली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, गोडाच्या दिवशी करतात, एवढं मला माहीत होतं.

रुग्णालयाचे मोठे साहेब शल्यचिकित्सक होते. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा उद्घाटनाचा. कोनशिला, फीत, फलक यांवर त्यांचं निर्व्याज प्रेम होतं. त्या वर्षी त्यांनी व्हरांड्याचं एक टोक पार्टिशन घालून अडवलं, आत दोन खाटा टाकल्या आणि बाहेर 'किडनी कक्ष' असा सोनेरी फलक लावून त्यावर पडदा सोडला. खाटांच्या आधी फलक आला होता, हे ओघानं आलंच. कक्षात यंत्र नव्हतं. पोटात नळी घालून औषधी पाणी सोडायचं, काही वेळानं तेच बाहेर काढायचं. मूत्रपिंडाचं काम पोटातला पडदा थोडंफार करतो. काम किचकट होतं आणि साहेबांनी ते मन लावून शिकून घेतलं होतं, हे सांगायला हवं.

त्या कक्षातली पहिली रुग्ण म्हणजे जेऊरची सुंदरा. शेतात कडब्याच्या पेंढ्या उचलताना तिच्या पायाला घोणस चावली. पाय मांडीपर्यंत सुजला, आणि मग लघवीच बंद झाली. नवरा महादू, जेऊर स्टेशनावर हमाली करणारा, तिला घेऊन आला तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. साहेबांनी पोटात नळी घातली, पाणी फिरवलं, आणि तीन-चार दिवसांत ती बोलायला लागली. अशा रुग्णाचं मूत्रपिंड बहुधा पुन्हा जागं होतं. तोवर माणूस जगवणं एवढंच हातात असतं. आणि तोवर माणसाला मारतो तो जंतू.

पायाची सूज ओसरली. दंशाजवळची जखम कोरडी झाली. ताप नाही, लाली नाही, ठणका नाही. साहेबांनी पायावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "छान. गार पडलंय."

"व्हय जी," महादू हात जोडून म्हणाला. "लई गार पडलंय."

सर रक्त घ्यायला शेजारीच वाकले होते. ते उठून उभे राहिले.

"कोण म्हणालं गार?"

सरांनी वाकून जखमेचा वास घेतला, पावलाच्या वरचा भाग अंगठ्यानं दाबला. दाबलेला खळगा तसाच राहिला. मग त्यांनी खिशातून पातं काढलं. एक काच सुंदराच्या हातावर आणि एक महादूच्या.

"मला काय झालंय?" महादू म्हणाला.

"तुम्ही निरोगी आहात. तेच लागतं मला."

दुपारी महादू आमच्या खोलीत आला. सरांनी त्याला स्टुलावर बसवून दोन्ही काचा दाखवल्या. त्यानं एक डोळा गच्च मिटून बराच वेळ पाहिलं.

"माजं दिसत्यात की. लई हायती. हिचं कुटं हायती?"

"तुम्ही स्टेशनावर असता ना? मेल जाते तिथून?"

"जाती की. धाडधाड."

"भरलेली असते?"

"गच्च."

"मग तुमच्याकडे उतरतं कोण?"

"कोन उतरंल? थांबतीच कुटं ती जेऊरला?"

"तुमच्या बायकोच्या अंगात तेच चाललंय. रक्तात पांढऱ्या पेशी गच्च भरल्यात. पण पायापाशी कुणी उतरत नाही. आत जंतू आहे, आणि त्याच्याशी भांडायला कुणी गेलेलंच नाही. भांडण नाही म्हणून आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणून सगळे म्हणतात बरं आहे."

महादूनं विचार केला. "मंग साखळी वढा की."

सरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "साखळी कुठं असते हे मला ठाऊक असतं, तर मी इथं असतो का, बाबा?"

साखळी नव्हती, पण करण्यासारखं काही होतं. पाय उघडायचा, आतलं मेलेलं काढून टाकायचं, पोटातलं पाणी चालू ठेवायचं आणि मूत्रपिंड जागं होईपर्यंत वेळ काढायचा. हे करायचं साहेबांनी. आणि साहेबांनी उद्घाटनाची तारीख घेतली होती. पाहुणे मुंबईहून येणार होते. सुंदराला नवं लुगडं आणलं होतं. तिनं व्यासपीठावर चालत जाऊन पाहुण्यांना गुच्छ द्यायचा आणि तिथूनच घरी जायचं, असा कार्यक्रम छापून झाला होता. उरलेलं पाणी आठवड्यातून एकदा येऊन फिरवून घेतलं तरी चालेल, असं साहेबांचं मत झालं होतं. छापून झाल्यावर मतं पक्की होतात.

सर काच घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. सूक्ष्मदर्शक मी उचलून नेला. साहेबांनी डोळा लावला.

"यात काही नाही."

"हो."

"मग मी काय बघू?"

"तेच."

"डॉक्टर," साहेब खुर्चीत मागे टेकले, "काही नाही हे दाखवायला सूक्ष्मदर्शक कशाला?"

"नुसत्या डोळ्यांना तुम्हाला सगळं ठीकच दिसतंय, म्हणून."

साहेबांनी सरांचाच अहवाल पुढे केला. "तुमच्याच अक्षरात लिहिलंय. पांढऱ्या पेशी वाढलेल्या."

"रक्तात वाढल्यात. पायात नाहीत."

"दिसायला चांगल्या असलेल्या पायावर मी चाकू चालवू? उद्या नातेवाईक काय म्हणतील? तुमच्या काचेवर काही नव्हतं म्हणून कापला, असं सांगू त्यांना?"

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ते सरांना लागलं. परत येताना जिन्यात ते थांबले. लिफ्टमननं उठून स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "जे आहे ते दाखवता येतं हो. जे यायला हवं होतं आणि आलं नाही, ते कसं दाखवायचं?" त्यांचं तोंड त्या दिवशी फार म्हातारं दिसलं. दोन वर्षांत त्यांनी अशी पाच-सहा माणसं गार पडताना पाहिली होती. प्रत्येक वेळी त्यांच्या हातात काच होती आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी त्यांना आधी पेढा दिला होता.

मग ते महादूकडे गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. कक्षाच्या दारात दोघं उकिडवे बसले होते, आणि सर बोटानं फरशीवर काहीतरी काढून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब फेरीला आले. म्हणाले, "महादू, उद्या कार्यक्रम झाला की घरी."

"न्हाय जी."

"म्हणजे?"

"आमी जात न्हाय."

"अरे, का?"

"हिचा पाय ठणकत न्हाय."

"ठणकत नाही म्हणूनच तर सोडतोय!"

"आन् म्हनूनच तर आमी जात न्हाय."

दुखतं म्हणून ओरडणारे, दुखेल म्हणून पळून जाणारे, दुखलं म्हणून भांडायला येणारे, सगळे नातेवाईक साहेबांनी पाहिले होते. दुखत नाही म्हणून हटून बसलेला हा पहिलाच. साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला. महादू शांतपणे बाहेर गेला आणि उद्घाटनासाठी अंथरून पाहिलेल्या लाल गालिच्यावर, बरोबर पडदा टाकलेल्या फलकाखाली, मांडी घालून बसला.

"पाय उघडून बगा. न्हायतर हिला दुकू द्या. त्याबिगर मी हितनं हलत न्हाय."

"नातेवाईकांची हरकत नाही असं दिसतंय," सर साहेबांना म्हणाले. वॉर्डात त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव विनोद, आणि तोही त्यांनी न हसता केला.

साहेबांनी पाय उघडला, पटलं म्हणून नव्हे, गालिचा मोकळा व्हावा म्हणून. मी शेजारी उभा होतो. चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली राखाडी, मेलेलं मांस होतं आणि गढूळ पाणी. वास असा आला की नर्सनं तोंड फिरवलं. पू थेंबभरही नव्हता. साहेब कापत राहिले, साफ करत राहिले, आणि फार सुंदर, फार सावकाश काम केलं त्यांनी. तेवढा वेळ ते उद्घाटन वगैरे सगळं विसरलेले दिसले. त्या माणसाला नेहमी हातमोजे घालूनच ठेवायला हवं होतं.

उद्घाटन झालं. गुच्छ एका नर्सनं दिला. पाहुणे मूत्रपिंडाविषयी थोडं आणि सोलापुरी चादरीविषयी पुष्कळ बोलले. साहेब म्हणाले की आतल्या जंतूचा अंदाज आम्हाला वेळीच आला. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. "सुम्निर्री" आलं नाही. सर तिथे नव्हते. पार्टिशनच्या पलीकडे सुंदराच्या हातावर नवी काच लावत होते.

ती काचही रिकामी निघाली. त्यानंतरचीही. शस्त्रक्रियेनंतर सुंदरा खचली. ताप नव्हता, वेदना नव्हती. ती नुसती पडून असायची, आणि विचारलं की म्हणायची, "बरं हाय." ते ऐकलं की सर भिंतीकडे पाहत. इंजेक्शनं चालू होती, पोटातलं पाणी चालू होतं, साहेब स्वतः नळी तपासत होते. सर रोज तिच्या हातावर नवी जागा शोधत. त्या हातावर चौकोनांची रांग झाली होती. आमच्या खोलीतून कक्षात आणि कक्षातून खोलीत, एवढाच त्यांचा दिवस झाला होता. भाकरी मोडल्याचा आवाज बरेच दिवस आला नाही. मी एकदा म्हणालो, सर, आज मी जातो. ते म्हणाले, "रिकामी काच बघायला तुमचे डोळे कशाला खर्च करता?"

मग लघवी उतरली. आधी थोडी, मग बरी. महादू बाटली उजेडात धरून दाखवत सुटला, लिफ्टमनलासुद्धा. त्यानंतरच्या काचेवर सर बराच वेळ वाकून बसले आणि मग स्टुलावरून बाजूला झाले. मी पाहिलं. चार-सहा पेशी होत्या. कडेला, एकमेकींपासून लांब. दाटी नव्हती, पण काच रिकामी नव्हती. मी 'लक्षणीय' म्हणणार होतो, म्हणालो नाही.

दोन दिवसांनी सकाळी मिलचा भोंगा होऊन गेला होता, आणि आम्ही कक्षाकडे निघालो होतो. व्हरांड्याच्या अलीकडेच ओरडणं ऐकू आलं. सर थांबले. मग इतक्या भरभर चालायला लागले की मला पळावं लागलं.

सुंदरा अर्धी उठून बसली होती. पाऊल लाल झालं होतं, तापलं होतं, पट्टीतून पिवळा, दाट पू झिरपत होता. तिनं सरांना पाहिलं.

"आला बग खरडनारा! मुडदा बशिवला तुजा. पाय जळतुया माजा, आन् तू हात खरडाया आलास व्हय?"

"ठणकतंय?" सरांनी विचारलं.

"ठणकतंय का म्हून इचारतुय! रातभर डोळ्याला डोळा न्हाय! तुज्या पायात घाल की ही आग, मंग सांग मला ठणकतंय का त्ये!"

"अगं ए," महादू ओशाळून म्हणाला, "डाक्टर हायती त्ये."

"डाक्टर आसू दे न्हायतर कलेक्टर!"

सरांनी पातं काढलं नाही. त्यांनी पावलाला हाताची उलटी बाजू लावली, क्षणभर तशीच ठेवली. मग खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. वॉर्डात ते बसलेले मी कधी पाहिले नव्हते. पाठ भिंतीला टेकली, हात मांडीवर पडले. सुंदरानं त्यांच्या घराण्याचा उद्धार सुरू केला होता. ती आजोबांपर्यंत पोचायच्या आत सर झोपले होते. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला.

महादू माझ्याकडे पाहून कुजबुजला, "झोपलं की वो!"

सुंदरानं मान वळवून पाहिलं. मग तिनं आवाज खाली आणला, पण शिव्या थांबवल्या नाहीत.